परसांतला आड आणि पांझरेचे पाट



खान्देशाचा इतिहास म्हटला कीं लळिंग, थाळनेर, अशीरगड हे किल्ले आणि फारुकी सुलतानांचीं नांवें प्रथम जिभेवर येतात. आज मी आपणांस त्या वाटेनें नेणार नाहीं. मला बोलावयाचें आहे तें घराच्या मागल्या दाराबाहेरील चार हात जमिनीविषयीं, तेथील आडाविषयीं, आणि त्या निमित्तानें आमच्या प्रांतांतील पाण्याच्या एका जुन्या व्यवस्थेविषयीं.

जुन्या धुळ्यांत आमचें वडिलोपार्जित घर आहे. परसांत आड, आडाच्या कांठाशीं दगडी डोण, डोणींतून पन्हळीनें भरणारा चौकोनी हौद, आणि हौदांतून सांडणारें पाणी केळीच्या, लिंबाच्या, अळवाच्या आळ्यांतून नेणारा दंड. हा दंड आमच्या हद्दींत संपत नसे. भिंतीच्या पायथ्याशीं वीतभर रुंदीचें एक भोंक होतें. त्यांतून उरलेलें पाणी शेजाऱ्यांच्या फुलझाडांस जाई. पुढें घरांत नळ आला आणि रहाटाचा आवाज बंद पडला. माझ्या वडिलांच्या हयातींत हद्दीवरून दोन घरांत बोलाचाली झाली, आणि तें भोंक विटा घालून बुजविण्यांत आलें. मग दंडांत व हौदांत पाणी तुंबूं लागलें, त्यास वास येऊं लागला, डांस झाले. म्हणून हौद भरणेंच सोडून दिलें. मी शाळेंतून निवृत्त झालों तेव्हां आडांत फुटक्या कौलांचा ढीग होता आणि परसांत घाणेरी माजली होती. “आड बुजवा आणि वर फरशी घाला,” असा सल्ला मला एकाहून अधिक जाणत्या माणसांनीं दिला.

तो सल्ला मी मानणारच होतों. परंतु त्याच सुमारास साक्री तालुक्यांतील एका जुन्या विद्यार्थ्याकडे जाण्याचा योग आला, आणि पांझरेच्या पात्रांतील एक जुना बंधारा त्यानें मला दाखविला.

हे बंधारे म्हणजे आमच्या फड-पद्धतीचें मूळ होय. पांझरेवर आणि बागलाणांतील मोसम व आरम या नद्यांवर ही पद्धति सुमारें तीन-चारशें वर्षें चालत आली आहे. नदींत दगडचुन्याचा ठेंगणा बंधारा घालून पाणी सांठवीत नसत, तें वळवीत. पाटानें केवळ उताराच्या जोरावर तें खालच्या शेतांवर येई. त्या शेतांचे तीन-चार मोठे विभाग, म्हणजे फड, केलेले असत. एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें: एकांत ऊस, तर दुसऱ्यांत भात किंवा गहूं, आणि वर्षावर्षानें पिकांची पालट करावयाची. शेतकऱ्याची जमीन बहुधा प्रत्येक फडांत थोडी थोडी असे. त्यामुळें नदीचें पाणी तोकडें पडून एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर त्याची झळ सर्वांस सारखीच लागे. पाळीप्रमाणें पाणी देण्यास पाटकरी, राखणीस जागल्या; आणि पाटाचा गाळ काढणें हें सर्व लाभधारकांचें सामाइक काम. वरच्या बंधाऱ्यावरून सांडलेलें पाणी खालच्या गांवच्या बंधाऱ्यास मिळे, हें तर या व्यवस्थेचें मर्मच म्हणावयाचें.

मर्म म्हणण्याचें कारण असें कीं हा प्रांत पुष्कळदां उद्ध्वस्त झाला. १८०३ सालीं होळकरांच्या फौजेची लूट आणि भयंकर दुष्काळ यांमुळें खुद्द धुळें ओस पडलें. विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनीं पुढील वर्षीं तें पुन्हां वसविलें. १८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्ज यानें येथें जिल्ह्याचें ठाणें केलें. गांव उठला कीं पाट गाळानें भरे. कारण बंधाऱ्याचा दगड टिकला तरी गाळ काढणारे हात नसत. माणसें परतलीं आणि त्यांनीं पाळी पुन्हां ठरविली, तरच पाणी परत येई.

याच्याशीं ताडून पाहावें असें उदाहरण खान्देशाच्या जुन्या राजधानींत आहे. जळगांवाहून रावेर ओलांडून पुढें गेलें कीं बऱ्हाणपूर लागतें. आज तें मध्यप्रदेशांत मोडतें, पण फारुकींची आणि मागाहून मोंगल सुभ्याची राजधानी तेंच. तेथें १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान याच्या अमदानींत, सातपुड्याकडून तापीकडे जमिनीखालून झिरपणारें पाणी भुयारानें आणि शंभराहून अधिक कुंड्यांनीं शहराकडे आणलें. त्यास कुंडी भंडारा म्हणतात. तापीपलीकडे झैनाबादेस आहूखाना नांवाची शाही बाग होती. १६३१ सालीं मुमताजमहल बऱ्हाणपुरांत वारली तेव्हां तिचें पहिलें दफन त्या बागेंतच झालें. पुढें दरबार गेला, खजिना गेला, आणि बागेचे अवशेष तेवढे राहिले. धनी गेल्यावर माळी कोणाच्या हुकमानें पाणी घालणार? पांझरेकांठच्या पाटास धनी एक नव्हता. ज्याचें पीक तोच त्याचा धनी.

तथापि फडांची स्तुति करून थांबणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. तेही आतां क्षीण झाले आहेत. पांझरेवर अक्कलपाड्यास मोठें धरण झालें. शेतोशेतीं विहिरी आणि विजेचे पंप आले. ज्याच्या बांधावर स्वतःची विहीर आहे, तो पाटाच्या गाळाची चिंता कशास वाहील? नळ आल्यावर माझ्या आडाचें जें झालें, तेंच येथें मोठ्या प्रमाणावर झालें.

घरीं परतल्यावर माझी चूक मला उमगली. मी गवंडी शोधीत होतों. वस्तुतः प्रथम शेजारी गांठावयास हवा होता. आमच्या दोन घरांत कित्येक वर्षें लग्नकार्याच्या अक्षतांपलीकडे जाणेंयेणें नव्हतें. एके सायंकाळीं मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलों. ज्यांचें भांडण झालें ते दोघेही वडील आतां हयात नाहींत. त्यांच्या मुलानें सर्व ऐकून घेतलें, घटकाभर तो गप्प राहिला आणि म्हणाला, “मास्तर, भिंत माझ्या बाजूनें मी फोडतों. पण उन्हाळ्यांत हौद आटला तर?” मीं सांगितलें, “तर माझीं आळींही कोरडीं राहतील. तुमची पाळी मी मोडणार नाहीं.”

त्यानंतर सरावाच्या कामगारांकडून आडाचा गाळ काढविला; कौलांखालीं आमच्या आजीचा पितळी तांब्या निघाला. हौदास आंतून पुन्हां गिलावा केला. रहाट ओढण्याचें बळ आतां अंगीं नाहीं, म्हणून लहानसा पंप बसविला. दंड मात्र होता तसाच मातीचा ठेविला. पहिल्या दिवशीं पाणी भिंतीपाशीं येऊन क्षणभर अडलें, आणि मग पलीकडे गेलें. पलीकडून हांक आली, “मास्तर, पोंचलें!”

आतां दरवर्षीं आखाजीच्या आधीं दोन्ही घरांनीं मिळून दंड साफ करावयाचा, असें ठरलें आहे. आपल्याही परसांत एखादा उपेक्षित आड असेल, तर त्यावर फरशी घालण्यापूर्वीं त्याचें पाणी पूर्वीं कोणाकडे जात होतें, एवढें पाहावें, अशी विनंति करून मी आपली रजा घेतों.