नव्या भाताची लोंबी

सणास आलेल्या पाहुण्यास रिकाम्या हातीं परत लावूं नये, ही आपल्या देशांतील फार जुनी रीत होय. दसऱ्यास हिंदु शेजाऱ्यांकडून आपट्याचें पान मिळतें, संक्रांतीस तिळगूळ. मोल पाहूं गेल्यास दोन्ही क्षुल्लक. आम्हां ख्रिस्ती लोकांत या जातीची वस्तु म्हणजे नव्या भाताची आशीर्वादित लोंबी.

पहिल्या पिकाची पेंढी याजकाकडे आणावी अशी आज्ञा लेवीयाच्या पुस्तकांत (23:10) आहे. मुंबई, साष्टी व वसईकडील ईस्ट इंडियन बंधु ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीं ‘आगेरा’ पाळतात. शेतांत कापलेल्या पेंढ्या वाजतगाजत देवळांत येतात, त्यांवर आशीर्वाद होतो, आणि एकेक लोंबी घरोघर जाऊन पवित्र चित्राजवळ खोंचली जाते. गोव्यांत राय गांवीं हा विधि 5 ऑगस्टास, ताळगांवीं 21 ऑगस्टास होतो. मंगळुरास 8 सप्टेंबर, म्हणजे पवित्र मारियेच्या जन्माचा सण. तेथें दाणे कुटून दुधांत वा खिरींत घालतात, व घरचें कोणी परदेशीं असल्यास दोन दाणे टपालानें धाडतात. याहून हलकी, आणि याहून जड, भेट आम्हांस ठाऊक नाहीं.

नव्या मुंबईंत मात्र ही लोंबी यावी कोठून? 1970 सालीं सिडको स्थापन झाली आणि ठाणें, पनवेल व उरण तालुक्यांतील 95 गांवांची जमीन शहरासाठीं घेण्याचें ठरलें. आगरी बांधवांचीं खाचरें व मिठागरें त्यांत गेलीं. जानेवारी 1984 मध्यें दि. बा. पाटील यांच्या पुढारीपणाखालीं जासई व नवघर येथें शेतकरी उभे ठाकले. गोळीबारांत पांच जण प्राणास मुकले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या लढ्यांतून निघाली. आपण बहुतेक वसई, गोवा, मंगळूर वा केरळांतून मागाहून आलेले. आपल्या इमारतींखालीं कोणाचें खाचर होतें, हें आपण क्वचितच विचारतों.

ज्युबिलीच्या पाहुण्यांस छापील पेले द्यावे अशी सूचना पुष्कळांनीं केली होती. पेले कपाटांत जातात, हें सांगून आम्हीं लोंबीचा पक्ष घेतला. ती उरण-पनवेलकडे जे शेतकरी अजून भात लावतात त्यांच्याकडून रोख दामानें घेतली जाईल, सावलींत वाळवून सुतळीनें बांधली जाईल, व मिस्सेनंतर दाराशीं प्रत्येकास एक दिली जाईल.