सुमेरियन भाषा वाचवली कुणी?

आज आपण जाणार आहोत दक्षिण इराकमध्ये, तैग्रिस आणि युफ्रेटिस या दोन नद्यांच्या मधल्या सपाट, गाळाच्या प्रदेशात.

सुमेर म्हटलं की शाळेतला एक धडा आठवतो. विटांची शहरं, झिगुरात, जगातली पहिली लिपी. दोन मार्कांचा प्रश्न, पाठ करायचा आणि सोडून द्यायचा. पण त्या धड्यात एक गोष्ट सांगायची राहून गेली. 1850 सालापर्यंत सुमेरियन नावाचे लोक कधी होऊन गेले, हे कुणाला माहीतच नव्हतं. बायबलमध्ये बॅबिलोन आहे, असीरिया आहे. ग्रीकांच्या लिखाणातही ती नावं येतात. सुमेरियनांचं नाव मात्र कुठेही नाही. मग ते आपल्याला सापडले कसे? आजचा भाग त्याबद्दलच आहे.

सुरुवात करू उरुक शहरापासून. इसवी सनापूर्वी 3300 ते 3100 च्या आसपास इथल्या मंदिरांच्या परिसरात लोक ओल्या मातीच्या पाट्यांवर बोरूने खुणा करायला लागले. अशा काही हजार पाट्या मिळाल्यात. त्यांत लिहिलंय काय? जव किती आला, मेंढ्या किती, कामकऱ्यांना शिधा किती दिला, बिअरसाठी धान्य किती लागलं. कविता नाही, प्रार्थना नाही. सरळ सरळ हिशेबाची वही! पुढे बोरूच्या टोकाच्या दाबाने खिळ्यासारख्या खुणा उमटू लागल्या आणि क्यूनिफॉर्म लिपी तयार झाली.

या लिपीतली सुमेरियन भाषा मोठी विलक्षण. जगातल्या कुठल्याही ज्ञात भाषेशी तिचं नातं अजून सिद्ध झालेलं नाही. शेजारी अक्कडियन बोलणारे लोक होते. त्यांची भाषा सेमिटिक, म्हणजे अरबी आणि हिब्रूच्या कुळातली. दोन्ही समाज शतकानुशतकं एकमेकांत मिसळून राहिले.

इसवी सनापूर्वी 2300 च्या सुमारास अक्कडच्या सारगॉनने सुमेरची शहरं जिंकली. आता खरं तर जेत्याची भाषा वरचढ व्हायला हवी. पण सारगॉनने आपल्या मुलीला, एनहेदुआन्नाला, उर शहरातल्या चंद्रदेवाची मुख्य पुजारीण नेमलं आणि तिच्या नावावर असलेली स्तोत्रं आहेत सुमेरियनमध्ये. नावानिशी माहीत असलेली जगातली पहिली लेखिका म्हणून तिला ओळखतात. 1927 साली लिओनार्ड वुली यांच्या उत्खननात तिचं नाव आणि चित्र कोरलेली दगडी चकतीही मिळाली. बाप अक्कडियन राजा, मुलीची स्तोत्रं सुमेरियनमध्ये. ही पुढच्या गोष्टीची नांदी आहे.

अक्कडचं राज्य मोडलं. मग उरमध्ये उर-नम्मू आणि त्याचा मुलगा शुल्गी यांनी सुमेरियनांना पुन्हा वैभवाचे दिवस दाखवले. पण इसवी सनापूर्वी 2004 च्या सुमारास, धान्यटंचाईने आधीच खिळखिळं झालेलं उर एलामच्या सैन्याने लुटलं. शेवटचा राजा इब्बी-सिन कैद होऊन एलामला गेला तो परत आला नाही. त्यानंतर सुमेरियन राजकीय सत्ता म्हणून कधीच उभे राहिले नाहीत. त्यांची भाषाही लोकांच्या तोंडून हळूहळू गेली. बाजारात, घरात, शेतात अक्कडियनच ऐकू येऊ लागली.

गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण ती संपली नाही, शाळेमुळे.

निप्पूर शहरातलं एक साधं घर 1951-52 मध्ये खणलं गेलं. त्यात सुमारे 1,400 पाट्या आणि त्यांचे तुकडे निघाले. उर पडल्यावर अडीचशे वर्षांनंतरची ही शाळा होती. मुलं घरी अक्कडियन बोलायची आणि इथे येऊन सुमेरियन गिरवायची. आधी खुणा, मग शब्दांच्या याद्या, मग म्हणी, मग मोठी काव्यं. काही पाट्यांवर गुरुजींचा कित्ता आहे आणि त्याच्याजवळच विद्यार्थ्याचं वेडंवाकडं अक्षर. जुन्या पाट्या तर चक्क घराच्या बांधकामात वापरून टाकल्या होत्या. रद्दीच ती!

त्या काळच्या शाळांत एक मजेदार गोष्ट शिकवली जायची. सॅम्युएल नोआ क्रेमर यांनी ती 1949 साली प्रसिद्ध केली. एक मुलगा दिवसभर छड्या खातो. उशीर झाला म्हणून, अक्षर वाईट म्हणून आणि सुमेरियन बोलला नाही म्हणूनसुद्धा! शेवटी बाप गुरुजींना घरी जेवायला बोलावतो, नवे कपडे देतो आणि गुरुजींना अचानक मुलात गुणच गुण दिसायला लागतात. चार हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही मंडळी.

सुमेरियन आली नाही तर लेखनिक म्हणून मान नाही, ही समजूत टिकली. बॅबिलोनचे आणि असीरियाचे लोक तिला आपल्याकडच्या संस्कृतसारखं स्थान देत राहिले. इसवी सनापूर्वी सातव्या शतकात असीरियाचा राजा अशुरबनिपाल आपल्याला सुमेरियन वाचता येतं म्हणून फुशारकी मारतो. त्याच्या निनेवेच्या ग्रंथसंग्रहात सुमेरियन-अक्कडियन शब्दकोशासारख्या याद्या होत्या. इसवी सनापूर्वी 612 मध्ये निनेवे जळलं. कागद असता तर राख झाली असती. मातीच्या कित्येक पाट्या उलट भाजून पक्क्या झाल्या.

अगदी शेवटच्या काळातल्या काही पाट्यांवर एका बाजूला क्यूनिफॉर्म आणि दुसऱ्या बाजूला तोच उच्चार ग्रीक अक्षरांत लिहिलेला आहे. उरच्या पाडावानंतर जवळपास दोन हजार वर्षं कुणी ना कुणी सुमेरियन घोकत होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकानंतर मात्र ही लिपीच विझली.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. हेन्री रॉलिन्सन हा तरुण 1827 साली ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मुंबईला आला. इथे तो फारसी शिकला आणि पुढे इराणमध्ये गेल्यावर त्याने बेहिस्तूनच्या कड्यावरचा तीन भाषांतला लेख उतरवून घेतला. त्याच्या आणि एडवर्ड हिंक्स यांच्यासारख्यांच्या खटपटीतून अक्कडियन उलगडली. मग निनेवेच्या द्विभाषिक पाट्या वाचताना लक्षात आलं की इथे आणखी एक, पूर्णपणे वेगळी भाषा आहे. 1869 साली ज्यूल्स ओपेर यांनी तिला 'सुमेरियन' नाव सुचवलं. तरी जोसेफ हालेवी नावाचे विद्वान कितीतरी वर्षं म्हणत राहिले की असे लोक नव्हतेच, ही तर पुरोहितांनी बनवलेली सांकेतिक लिपी आहे! पुढे दक्षिण इराकमधल्या तेल्लोच्या उत्खननातून सुमेरियन राजांचे पुतळे आणि लेख बाहेर आले आणि वाद थंडावला.

म्हणजे बघा, एका समाजाची पहिली ओळख जगाला पटली ती त्याच्या राजांमुळे नाही, तर परक्या मुलांनी गिरवलेल्या शब्दांच्या याद्यांमुळे. पण याची दुसरी बाजूही मला तितकीच महत्त्वाची वाटते. त्या दोन हजार वर्षांत सुमेरियनमध्ये स्तोत्रं म्हटली गेली, परीक्षा झाल्या, छड्याही पडल्या. पण त्या भाषेत कुठल्या आईने पोराला जेवायला हाक मारली नाही. शाळेने भाषा जपून ठेवली. तिला जिवंत ठेवणं शाळेच्या हातात नव्हतं, ते घराचं काम होतं.

आज इथेच थांबतो. पुढच्या भागात हम्मुराबीच्या बॅबिलोनला जाऊ. तोपर्यंत नमस्कार.