न लावलेला लाल बावटा

१४ एप्रिल म्हटले की नागपूरकरांना दीक्षाभूमीकडे जाणारी गर्दी आठवते. याच दिवशी देशभरातील अग्निशमन केंद्रांत आणखी एक स्मरण होते. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना तर त्याची गोष्ट माहीत असावीच लागते. हे महाविद्यालय १९५६ साली रामपूरला सुरू झाले आणि १९५७ मध्ये नागपूरला आले. मात्र ती गोष्ट मुंबईच्या गोदीतली आहे.

१४ एप्रिल १९४४. दुसरे महायुद्ध चालू होते. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे मालवाहू जहाज उभे होते. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा होता. शिवाय कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गासड्या, वंगणतेल आणि सोन्याच्या विटाही होत्या. यातली प्रत्येक वस्तू वेगळी ठेवली असती, तर सांभाळता आली असती. पण एकाच कोठारात खाली कापूस होता आणि वर स्फोटके. कापसाची आग आतल्या आत धुमसते, सापडत नाही आणि लवकर विझत नाही. तिच्यावर स्फोटके ठेवणे म्हणजे चुलीवर दारूचे पिंप ठेवण्यासारखेच होते.

धोकादायक माल असलेल्या जहाजाने लाल बावटा लावावा, असा नियम होता. या जहाजावर तो नव्हता. धक्क्यावरून पाहणाऱ्याला हे जहाज शेजारच्या जहाजांसारखेच दिसत होते. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा. शेकडो माणसे दगावली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जण होते.

बावटा असता तर स्फोट टळला असता, असे ठामपणे म्हणता येणार नाही. पण धोक्याची खूण नेमकी कोणासाठी असते, हे या घटनेतून कळते. माल भरणाऱ्याला आत काय आहे ते ठाऊक असते. खूण असते ती ज्याला काहीच ठाऊक नाही आणि तरीही ज्याला सर्वांत आधी जवळ जावे लागते त्याच्यासाठी.

जहाजावरचा हा प्रश्न पुढे रस्त्यावर आला. स्फोटकांसाठी आपल्याकडे १८८४ चा कायदा होता आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी १८९८ पासून वेगळे खातेही होते. आज पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खात्याचे मुख्यालय नागपुरातच आहे. परंतु रसायने स्फोटकांपुरती थोडीच असतात! संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने १९५६ मध्ये पहिल्या शिफारशी मांडल्या. त्यांतून घातक मालाचे नऊ वर्ग आणि प्रत्येक पदार्थाला चार अंकी क्रमांक देण्याची पद्धत रुळली. पेट्रोलचा क्रमांक १२०३, क्लोरीनचा १०१७. भाषा कोणतीही असो, अंक तोच.

भारतात भोपाळच्या १९८४ मधील दुर्घटनेनंतरच्या वर्षांत अनेक सुरक्षा नियम झाले. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२९ ते १३७ हे नियम घातक मालाच्या वाहतुकीसाठी आहेत. ट्रकच्या दोन्ही बाजूंना आणि मागे असा तीन ठिकाणी माहितीफलक हवा. त्यावर पदार्थाचे नाव, वर्ग, किमान २५० मिलिमीटर बाजूचे वर्गचिन्ह आणि मदतीसाठी दूरध्वनी क्रमांक लिहायचे.

एकाच पदार्थाच्या टँकरला हे सोपे आहे. पण पिंपे, पोती आणि सिलिंडर एकत्र भरलेल्या ट्रकचे काय? समजा, एका ट्रकमध्ये वेल्डिंगवाल्याचे कारबाईड आणि थिनरचे डबे आहेत. थिनरला आग लागली की पाहणारा पाण्याची बादली आणणार. पण पाणी लागताच कारबाईडमधून ॲसिटिलीन हा ज्वालाग्राही वायू निघतो. म्हणजे विझवणाराच आगीत भर घालतो. अशा ट्रकवर फक्त थिनरचे लाल चिन्ह असेल, तर ते निम्मे खरे आहे. आणि निम्मे खरे येथे खोट्याइतकेच घातक ठरते. पाण्याशी धोकादायक अभिक्रिया करणाऱ्या पदार्थांचे निळे चिन्हही तेथे हवेच.

यावर देशोदेशी वेगवेगळे मार्ग निघाले. अमेरिकेत काही प्रकारच्या मिश्र मालासाठी ‘धोकादायक’ एवढ्याच अर्थाचा एक फलक चालतो. पण एकाच ठिकाणी एका वर्गाचा १,००० किलो किंवा अधिक माल चढवला, तर त्या वर्गाचा फलकही लावावा लागतो. युरोपात डब्या-पिंपांतून जाणाऱ्या मिश्र मालाच्या ट्रकवर अंक नसलेली कोरी नारिंगी पाटी असते. ‘सावध राहा, एका अंकात हे सांगता येणार नाही’ असेच जणू ती म्हणते. आपल्या नियमांत एकाहून अधिक धोके असलेल्या पेटीवर प्रत्येक धोक्याचे वेगळे चिन्ह मागितले आहे.

मुंबई–कोलकाता आणि श्रीनगर–कन्याकुमारी हे महामार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात. तेथील चौकात विद्यार्थ्यांना सुरक्षित अंतरावर उभे करून अर्धा तास ट्रकवरची चिन्हे टिपायला सांगावे. प्रत्येक चिन्हाचा वर्ग शोधावा. मग एकच प्रश्न विचारावा : ही दोन चिन्हे एकाच ट्रकवर दिसली, तर काय होईल? रसायनशास्त्राचा तास तेथूनच सुरू होतो. आणि चिखलाने झाकलेला फलक दिसला, तर १९४४ चा तो न लावलेला बावटा त्यांना आठवून द्यावा.