अठरा बारशी आणि एक द्वाड सिड

संस्थेच्या स्मरणिकेत 'वाटचाल' नावाचं पान ठरलेलं असतं. स्थापना, पहिली सभा, कोनशिला, सभासदसंख्या, मान्यवरांच्या भेटी. डेबियनच्या बाबतीत ते लिहायला बसलं की गाडी कोनशिलेपाशीच अडते. या संस्थेला इमारत नाही, शिपाई नाही, पगारपत्रक नाही. जगभर विखुरलेली स्वयंसेवक मंडळी एक संगणकप्रणाली घडवतात आणि फुकट वाटतात, एवढाच कारभार. टप्पे मोजायचे तर ते खेळण्यांच्या नावांनीच मोजावे लागतात. बझ, रेक्स, बो, हॅम, स्लिंक, पोटॅटो… अशी आजवर अठरा.

सुरुवात १६ ऑगस्ट १९९३ ची. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या वीस वर्षांच्या इयन मर्डॉकने जाहीर केलं, की लिनक्सच्या गाभ्याभोवती सगळी लागणारी सॉफ्टवेअरं नीट बांधून, तपासून, सर्वांनी मिळून एक संच तयार करायचा. तेव्हाचे असे संच त्याला ढिसाळ वाटत होते. आपल्या संचाला त्याने मैत्रीण डेब्राचं आणि स्वतःचं नाव जोडून 'डेबियन' म्हटलं. पुढे दोघांचं लग्न झालं, नंतर काडीमोडही झाला. जोडनाव मात्र अभंग राहिलं.

खेळणी आली ती एका घोटाळ्यातून. १९९५ च्या अखेरीस डेबियनची १.० आवृत्ती तयार होत होती. एका सीडी विकणाऱ्या कंपनीने ते अर्धंकच्चं काम उचललं, तबकडीवर चढवलं आणि '१.०' म्हणून बाजारात आणलं. सर्व्हरवरच्या कपाटाला, म्हणजे फोल्डरला, आवृत्तीचा आकडा दिसला, की आतला माल तयारच आहे असं बाहेरच्याला वाटणार, यात नवल नव्हतं. डिसेंबरमध्ये डेबियनला आणि त्या कंपनीला मिळून सांगावं लागलं, की ही आवृत्ती बिघडलेली आहे. १.० हा आकडा तिथेच बाद झाला. डेबियनची १.० अधिकृतपणे कधी निघालीच नाही.

यावरचा उपाय आपल्या घरांत पूर्वापार चालत आलेला आहे. मूल हातीपायी धड होईपर्यंत त्याला घरातल्या नावाने हाक मारायची. कागदावरचं नाव शाळेत घालताना. डेबियनने तेच केलं. कपाटावर आकड्याऐवजी टोपणनाव लावायचं आणि आकडा द्यायचा तो आवृत्ती पक्की झाल्यावर. यात एक व्यावहारिक सोयही होती. डेबियनच्या प्रती जगभरच्या विद्यापीठांच्या सर्व्हरवर ठेवलेल्या असत. कच्च्या आवृत्तीची पक्की झाली म्हणून कपाटाचं नाव बदललं, तर त्या सगळ्या सर्व्हरना तोच माल पुन्हा उतरवून घ्यावा लागला असता, आणि तेव्हाच्या तारा काही जाड नव्हत्या. टोपणनावाचं कपाट जागचं हलत नाही. 'स्टेबल' ही पाटी तेवढी एका कपाटावरून काढून दुसऱ्यावर लावायची.

नावं 'टॉय स्टोरी'तलीच का? मर्डॉकनंतर १९९६ साली प्रकल्पाची धुरा ब्रूस पेरेन्सकडे आली, आणि पेरेन्स नोकरी करत होता पिक्सारमध्ये. त्या कंपनीचा हा चित्रपट नोव्हेंबर १९९५ मध्ये, म्हणजे तबकडीच्या घोटाळ्याच्या जेमतेम काही आठवडे आधी पडद्यावर आला होता. १७ जून १९९६ ला १.१ निघाली ती 'बझ' या अंतराळवीराच्या नावाने. तिच्यात ४७४ पॅकेजं, म्हणजे सॉफ्टवेअरचे बांधलेले गठ्ठे, होती. मग डायनोसॉर रेक्स, मेंढपाळीण बो, डुकराच्या आकाराचा गल्ला हॅम, पोटात स्प्रिंग असलेला कुत्रा स्लिंक.

सहावा पोटॅटो. नाक-डोळे काढून परत लावता येणारा बटाट्याचा माणूस. नाव ऐकून हसू येतं, आणि ही आवृत्ती नेमकी एका मृत्यूच्या छायेत निघाली. जोएल क्लेकर हा एकवीस वर्षांचा डेबियनकर जुलै २००० मध्ये गेला. स्नायू झिजत जाणाऱ्या आजाराने अंथरुणाला खिळलेल्या अवस्थेत तो काम करत होता. १५ ऑगस्टला बाहेर पडलेली पोटॅटो त्याला अर्पण केली गेली. बटाट्याच्या नावाची अर्पणपत्रिका विसंगत वाटेल, पण संस्थेत कुणी ती विसंगत मानल्याचं दिसत नाही. स्मारकाला भारदस्त नाव लागतंच असं नाही.

आता सिड. चित्रपटात शेजारच्या घरातला हा मुलगा खेळण्यांची मुंडकी उपटतो, एकाचं धड दुसऱ्याला जोडतो, फटाके लावून उडवतो. डेबियनमध्ये नवं पॅकेज आधी त्याच्याच हाती पडतं. 'अनस्टेबल' या कायम कच्च्या कपाटाचं नाव सिड. तिथे काही दिवस काढून, मोठी मोडतोड न होता जे टिकेल ते 'टेस्टिंग'मध्ये सरकतं आणि पुढे कधीतरी स्टेबल होतं. बाकी सगळी खेळणी पाळीपाळीने बाहेर पडतात. सिड कधीच प्रसिद्ध होत नाही. सिडच्याही अलीकडे, निव्वळ प्रयोगांसाठी, एक कपाट आहे. त्याचं नाव 'आरसी-बगी'. चित्रपटातली रिमोटवरची गाडी ती हीच, पण आवृत्ती अडवून धरणाऱ्या गंभीर दोषांनाही डेबियनकर 'आरसी बग'च म्हणतात. मला विचाराल तर सगळ्या यादीतला खरा विनोद हा एकच. बाकीची नुसती गोड नावं आहेत.

नावाने रोजच्या वापरात फरक पडतो तो असा. पॅकेजं कुठून घ्यायची हे संगणकाला एका छोट्या फाइलीत सांगून ठेवावं लागतं. तिथे 'स्टेबल' लिहिणाऱ्याचा संगणक नवी आवृत्ती निघताच एका सकाळी मुळापासून बदलायला निघतो. 'बुकवर्म' लिहिणारा बुकवर्मवरच राहतो. सर्व्हर सांभाळणारी माणसं म्हणूनच आकड्यात बोलत नाहीत. "अजून बस्टरवरच आहेस?" या प्रश्नात जी कीव असते ती "दहावर आहेस?" मध्ये येत नाही.

काउबॉय वुडी जुलै २००२ मध्ये आला आणि पुढचा सार्ज जून २००५ मध्ये. प्लॅस्टिकच्या सैनिकांचा हा सार्जंट तीन वर्षं निघतोय, निघतोय असंच चाललं होतं. वाट पाहून थकलेल्यांपैकी मार्क शटलवर्थने २००४ मध्ये डेबियनच्याच पायावर उबुंटू काढलं, दर सहा महिन्यांनी नवं. त्यांनी नावं घेतली विशेषण लावलेल्या प्राण्यांची. पहिलं तर चामखिळी असलेलं रानडुक्कर. पुढे ती वर्णानुक्रमे येऊ लागली. बाराखडीचं वळण शिस्तीचं खरं, पण त्यात खोलीभर पसरलेल्या खेळण्यांची मजा नाही. फेडोरा या आणखी एका लिनक्स संचाने 'श्रोडिंगरची मांजर' हे नाव त्यातल्या खास चिन्हांसकट ठेवलं, काही प्रोग्रॅम त्यावर अडखळले, आणि विसाव्या आवृत्तीनंतर नावांची प्रथाच गुंडाळली.

नावांवरून डेबियनचं एक भांडणही गाजलं. २००६ मध्ये मोझिलाने हरकत घेतली, की आमच्या मंजुरीविना कोडमध्ये बदल करणार असाल तर 'फायरफॉक्स' हे नाव आणि चिन्ह वापरू नका. डेबियनने तोच ब्राउझर 'आइसवीझल' नावाने देणं सुरू केलं. आगीचा कोल्हा गेला, बर्फाचं मुंगूसवजा जनावर आलं. समेट व्हायला २०१६ उजाडलं. स्वतःची सगळी नावं दुसऱ्याच्या चित्रपटातून उचलणाऱ्या संस्थेवर ही वेळ यावी, हा योग एखाद्या प्रहसनकारालाच सुचावा.

दुसरं भांडण २०१५ मध्ये निघालेल्या जेसीच्या वेळचं. संगणक सुरू होताना सगळी कामं मार्गी लावणारी 'सिस्टमडी' ही नवी व्यवस्था तिच्यात आली. काही जण रागावून वेगळे झाले आणि त्यांनी 'देवुआन' काढलं. त्यांच्या पहिल्या आवृत्तीचं नावही जेसीच. फक्त ही जेसी आमची निराळी, एका लघुग्रहाची, असा त्यांचा खुलासा. सोयरीक तुटली तरी आडनाव लावायचं, अशातला प्रकार.

त्याच वर्षी, २८ डिसेंबरला, इयन मर्डॉक गेला. बेचाळिसाव्या वर्षी. २०१७ ची स्ट्रेच त्याला अर्पण आहे. स्ट्रेच म्हणजे 'टॉय स्टोरी ३' मधली रबरी ऑक्टोपस.

पुढचे तीन टप्पे बस्टर, बुल्सआय, बुकवर्म. तिन्ही 'बी'पासून सुरू होणारे, त्यामुळे कोणता आधीचा हे भल्याभल्यांना आठवत नाही. मी कुत्रा, घोडा, किडा असं घोकून ठेवलं आहे. बुकवर्म निघाल्यावर तीनच महिन्यांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, डेबियनकरांचं वार्षिक संमेलन पहिल्यांदा भारतात, कोचीला भरलं. डेबियनमध्ये देवनागरीचा वाटा दिसतो तो प्रणाली संगणकात चढवतानाच्या पडद्यावर. जुन्या मजकुरी पडद्याला जोडाक्षरं मांडता येत नसत. २००७ च्या 'एच' या आवृत्तीपासून चित्रमय पडदा आला आणि अशा लिप्यांना दार उघडलं. आज तिथल्या भाषांच्या यादीत मराठी निवडता येते.

९ ऑगस्ट २०२५ ला अठरावं खेळणं बाहेर आलं, ट्रिक्सी, प्लॅस्टिकची ट्रायसेराटॉप्स. पॅकेजं ६९,८३०. आता टेस्टिंगमध्ये फोर्की आहे. चित्रपटात बॉनी नावाची छोटी मुलगी त्याला शाळेत बनवते: कचऱ्यातला काटा-चमचा, आइसक्रीमच्या काडीचे पाय, तारेचे हात. आपण खेळणं आहोत हे त्याला पटत नाही. दिसेल त्या कचरापेटीत तो उडी मारतो आणि वुडी त्याला पुन्हा पुन्हा बाहेर काढतो.