‘लीलावती’तील दोन वेळू आणि छेदबिंदूचा प्रश्न

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (शके १०७२, इ. स. ११५०) क्षेत्रव्यवहाराच्या प्रकरणात दोन वेळूंचे एक उदाहरण येते. सपाट भूमीवर एक वेळू पंधरा हात उंचीचा व दुसरा दहा हात उंचीचा असा उभा आहे. प्रत्येकाच्या अग्रापासून दुसऱ्याच्या मुळापर्यंत दोरी ताणलेली आहे. दोऱ्या परस्परांस जेथे छेदतात त्या बिंदूची भूमीपासूनची उंची विचारली आहे. दोन वेळूंमधील अंतर अज्ञात असल्याचे श्लोकातच सांगितले आहे. उदाहरणाचे मर्म तेथेच आहे. उंचींच्या गुणाकारास त्यांच्या बेरजेने भागावे, म्हणजे १५० भागिले २५, लंब ६ हात. पुढे भास्कराचार्य अंतर पाच मानून भूमीचे खंड ३ व २, दहा मानून ६ व ४ असे काढून दाखवतात. लंब मात्र सर्वत्र सहाच राहतो. याची प्रतीती ते त्रैराशिकाने घडवतात.

आजचा विद्यार्थी हेच उदाहरण वेगळ्या रीतीने सोडवील. मोठ्या वेळूचे मूळ हा आरंभबिंदू व वेळूंमधील अंतर ‘द’ धरल्यास दोऱ्यांची समीकरणे अशी होतात : द × य = १० × क्ष आणि द × य = १५ × (द − क्ष). दोन्ही उजव्या बाजू समान मानल्या की २५ × क्ष = १५ × द, म्हणून क्ष = ३द ÷ ५; ही किंमत पहिल्या समीकरणात ठेवताच ‘द’ दोन्ही बाजूंनी गळून पडतो व य = ६ उरतो.

उत्तर एकच असल्यामुळे भास्कराचार्यांना निर्देशक भूमिती अवगत होती, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलाच पाहिजे. ‘लीलावती’तील रीतीत अक्ष नाहीत व रेषेचे समीकरणही नाही, आहेत ते सरूप त्रिकोण. अनेक अव्यक्तांचे गणित त्यांना अपरिचित होते, असेही नव्हे. ‘बीजगणित’ या त्यांच्याच ग्रंथात यावत्तावत्, कालक, नीलक अशा संज्ञांनी एकाहून अधिक अव्यक्ते मांडून समीकरणे सोडवली आहेत. साधन हाताशी होते. परंतु रेषा म्हणजेच एक समीकरण, ही कल्पना तेथे नव्हती. ती सतराव्या शतकात फर्मा व देकार्त यांच्या लेखनातून आकारास आली. देकार्तचा ‘भूमिती’ हा ग्रंथ १६३७चा.

म्हणून ‘क्ष’ आणि ‘य’ यांत मांडलेले वेळूंचे उदाहरण हे एक भाषांतरच होय, आणि भाषांतरात मुळात नसलेले काही येते. भास्कराचार्यांच्या दोऱ्या नेहमीच छेदतात, कारण दोन उंचींची बेरीज शून्य होऊ शकत नाही. सामान्य समीकरणांत मात्र भाजक शून्य होण्याचा संभव असतो. तेव्हा रेषा एक तर समांतर असतात, नाही तर एकच. भेट होणारच नाही हे सांगण्याचे सामर्थ्य नव्या भाषेने मिळवून दिले. (उभे वेळू स्वतः समांतर आहेत, हे श्लोक वाचताना सहसा कोणाच्या मनात येत नाही.) उलटपक्षी, अंतर न सांगता प्रश्न विचारण्यातला मूळचा खोडकरपणा समीकरणात पार लोपतो.

तो खोडकरपणा अध्यापनासाठी होता. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी खानदेशात, चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापला. त्याची नोंद करणारा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेख संस्कृतात आहे. मठाला द्यावयाच्या दानांचा अखेरचा तपशील मात्र मराठीत आहे. गणिताचे श्लोक संस्कृतात पाठ होत आणि पाठशाळेच्या निर्वाहाचा हिशेब लोकांच्या बोलीत मांडला जाई. पुढे १५४५ मध्ये कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली आणि सूत्रांमागील उपपत्ती विस्ताराने दिल्या.