शीत प्लाझ्मा आणि डाळिंबावरील तेल्या: काय शक्य, काय नाही

शिरूर व दौंड तालुक्यांत डाळिंबाच्या बागांना तेल्या रोगाचा मोठा धोका असतो. हा रोग झॅन्थोमोनास या जिवाणूमुळे होतो. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ मध्ये दिल्ली येथे झाली. बुरशीनाशकांनी तो पूर्ण आटोक्यात येत नाही आणि प्रतिजैविकांच्या वारंवार वापराने जिवाणू त्यांना सरावतात. त्यामुळे रसायनाशिवाय जिवाणू मारणाऱ्या ‘शीत प्लाझ्मा’ तंत्राबद्दल उत्सुकता आहे.

शीत प्लाझ्मा म्हणजे काय?
हवेवर किंवा वायूवर उच्च विद्युतदाब दिला की त्यातील काही कण विद्युतभारित होतात. या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. आकाशातील वीज आणि पेटलेली ट्यूबलाइट ही त्याची ओळखीची उदाहरणे. शीत प्लाझ्मात वायूचे तापमान जवळपास खोलीइतकेच राहते, म्हणून बी किंवा फळ भाजत नाही.

जिवाणू कसे मरतात?
प्लाझ्मामुळे हवेत ओझोन, नायट्रोजनची ऑक्साइडे व इतर अतिक्रियाशील घटक तयार होतात. ते जिवाणूचे आवरण फोडतात आणि आतील प्रथिने व डीएनए बिघडवतात. पाण्यावर प्लाझ्माची प्रक्रिया केल्यास त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड, नायट्राइट व नायट्रेट तयार होऊन पाणी आम्लधर्मी होते. साठवणीत या पाण्याची जिवाणूनाशक ताकद कमी होत जाते.

कुठे उपयोगी?
- बियाण्याच्या पृष्ठभागावरील जिवाणू व बुरशी कमी करणे
- काढणीनंतर फळे-भाजीपाल्याची हाताळणी
- पॅकिंगचे साहित्य व अवजारे यांचे निर्जंतुकीकरण

गांधीनगर येथील प्लाझ्मा संशोधन संस्था अशा उपयोगांवर काम करते.

बागेतील अडचण
प्लाझ्माचा परिणाम मुख्यतः पृष्ठभागापुरता असतो. तेल्याचा जिवाणू पर्णरंध्रांतून व जखमांतून आत शिरतो आणि पानात, फळात, खोडाच्या सालीत राहतो. तेथपर्यंत प्लाझ्मा पोहोचत नाही. म्हणून रोगट झाड बरे करण्यासाठी या तंत्रावर विसंबू नये.

यंत्र घेण्यापूर्वी विचारा
१. चाचणी कोणत्या जिवाणूवर झाली?
२. ती प्रयोगशाळेत झाली की शेतात, आणि किती हंगाम?
३. कृषी विद्यापीठाची किंवा राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, सोलापूर यांची शिफारस आहे का?

तिन्ही उत्तरे लेखी मिळाल्याशिवाय पैसे गुंतवू नयेत. ओझोन श्वसनास घातक असल्याने असे यंत्र बंद खोलीत चालवू नये.

आज करावयाचे उपाय
- रोगमुक्त बागेतील मातृवृक्षांपासून तयार केलेली रोपेच लावावीत.
- पावसाळ्यातील मृग बहाराऐवजी शक्यतो हस्त बहार धरावा.
- फळ काढणीनंतर बागेला ३ ते ४ महिने विश्रांती द्यावी.
- प्रत्येक झाडाच्या छाटणीनंतर कात्री १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावी.
- छाटणीनंतर १ टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी करावी.
- रोगट पाने, फळे व फांद्या बागेबाहेर नेऊन नष्ट कराव्यात.

पानांवर तेलकट डाग किंवा फळांवर ‘एल’ अथवा ‘वाय’ आकाराच्या भेगा दिसताच बारामती किंवा नारायणगाव येथील कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.