राजे गेले, बोली राहिली

इतिहास म्हटला की लढाया, राजे आणि सनावळ्या डोळ्यांपुढे येतात. घरात बायकांनी काय राखलं, ते दगडावर कोरलेलं फारसं सापडत नाही. म्हणून आज आम्ही तुम्हाला रायगड जिल्ह्यात नेतो, चौल, रेवदंडा आणि कोर्लई या शेजारच्या गावांत.

आधी चौल. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधलं हे शांत गाव दोन हजार वर्षांपूर्वी मोठं बंदर होतं. ग्रीक खलाशांच्या जुन्या पुस्तकात त्याचं नाव आहे. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत ते 'चेमुल' म्हणून येतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा सातवाहन काळाच्या खुणा आणि परदेशी कुंभांची खापरं मिळाली. 1469 मध्ये अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी घोडा घेऊन इथे उतरला. इथल्या बायका डोक्यावरून काही घेत नाहीत आणि केसांची एक वेणी घालतात, असं त्याने लिहून ठेवलं. व्यापाऱ्याच्या वहीत का होईना, आपल्या आज्या-पणज्यांची नोंद झाली!

चौलला लागूनच समुद्रकाठी रेवदंड्याचा कोट आहे. 1521 मध्ये निजामशाहीची परवानगी घेऊन पोर्तुगिजांनी तो बांधायला घेतला. 1570-71 मध्ये त्याच निजामशाहीने त्याला वेढा घातला, पण कोट पडला नाही. आज आत पडकी चर्चं आहेत, 'सातखणी' नावाचा उंच मनोरा आहे, आणि तटाच्या आतच लोकांच्या वाड्या आहेत. जिथे तोफा होत्या, तिथे आता पोफळीला पाणी सोडतात.

समोर कुंडलिका खाडी. पलीकडच्या डोंगरावर कोर्लईचा किल्ला. तो पोर्तुगिजांनी 1594 मध्ये जिंकला. 1740 मध्ये हे दोन्ही किल्ले मराठ्यांकडे आले आणि पोर्तुगीज निघून गेले. पुस्तकात धडा इथे संपतो. आपली गोष्ट इथून पुढे आहे.

पोर्तुगीज शिपायांनी इथल्या काही बायकांशी लग्नं केली, काहींना दासी म्हणून ठेवलं. त्या घरांतल्या मुलांच्या कानावर दोन्ही भाषा पडत. त्यातून एक नवी बोली तयार झाली. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण क्रियापद आपल्या मराठीसारखं वाक्याच्या शेवटी. कोर्लई गावातली ख्रिस्ती कुटुंबं ती आजही बोलतात. तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. बोलणारी माणसं हजाराच्या आसपास. या बोलीत सरकारी कागद नाही की शाळेचं पुस्तक नाही. अडीचशेहून जास्त वर्षं ती टिकली ती फक्त घरात बोलल्यामुळे. चुलीपाशी, पाळण्यापाशी आणि अंगणात ती पिढीकडून पिढीकडे गेली.

आता मुलं मराठी शाळेत जातात, नोकरीसाठी बाहेर पडतात. शाळा हवीच, नोकरीही हवीच. पण घरातही बोलणं थांबलं, तर तट उभे राहतील आणि बोली जाईल.

हे आपल्यापासून लांबचं वाटतं का? सकाळपासून काय काय बोललात ते आठवा. घमेलं उचललं, बादली भरली, चावी लावली, बटाटा चिरला, पगाराची वाट पाहिली. घमेलं, बादली, चावी, बटाटा, पगार हे सगळे शब्द पोर्तुगिजांकडून मराठीत आले. राज्य गेलं, तरी घमेलं आपल्या डोक्यावर राहिलंच!

म्हणून आमचं एक सांगणं आहे. पुढच्या बैठकीत गटातल्या सगळ्यात वयस्कर आजीला मध्ये बसवा. जात्याचे, शेताचे, धान्याच्या मापांचे, बाळंतपणाच्या औषधांचे जे शब्द सुना-नातींना माहीत नाहीत, ते तिला विचारा. हिशेबाच्या वहीची शेवटची चार पानं त्यासाठी ठेवा. शब्दापुढे अर्थ लिहा आणि आजीचं नावही लिहा. किल्ल्यांची डागडुजी सरकारने करायची. ही डागडुजी मात्र आपल्यालाच करावी लागेल.